दोन तारा, सोळा पीसी : बेओवुल्फमधल्या चॅनल बाँडिंगचं प्रकरण

१९९४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, ग्रीनबेल्टच्या नासा गोडार्ड स्पेस फ्लाइट सेंटरमध्ये सोळा साधे पीसी एकमेकांना जोडले गेले. प्रत्येकात इंटेलचा १०० मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स४ प्रोसेसर, वर लिनक्स, आणि जाळ्यासाठी दोन-दोन इथरनेट कार्डं. थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी उभारलेल्या या यंत्राचं नाव बेओवुल्फ. बाजारात सुटे मिळणारे भाग जोडून महासंगणकाची कामं करणाऱ्या सगळ्याच यंत्रांना पुढे 'बेओवुल्फ क्लस्टर' म्हणू लागले. त्या यशाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. इथे मला त्यातला एकच भाग नीट उलगडायचा आहे: प्रत्येक पीसीत दुसरं कार्ड का घातलं, त्यातून नेमकं किती हाती लागलं, आणि तीच युक्ती आज आपल्या दोन संगणकांत केली तर तेवढं का मिळत नाही.

हा शेवटचा प्रश्न आजही जिवंत आहे. मदरबोर्डवर गिगाबिटचे दोन पोर्ट असतात, संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या स्विचमध्ये पोर्ट रिकामे असतात, केबलला फारसा खर्च नाही. माणूस दोन्ही केबल लावतो, सेटिंगमध्ये दोन्ही कार्डांचं एक कार्ड करतो, स्क्रीनवर 'दोन गिगाबिट' असं दिसतंही. मग मोठी फाइल कॉपीला लावली की वेग सेकंदाला ११०-११५ एमबीवर येऊन ठेपतो, म्हणजे एका केबलवर जेवढा होता तेवढाच. सेटिंग चुकलं असं वाटून लोक तासन्‌तास त्यातच अडकतात. सेटिंग बहुतेक वेळा बरोबर असतं. फरक कुठे आहे, ते ग्रीनबेल्टच्या त्या सोळा पीसींकडे पाहिल्यावर कळतं.

गरज काय होती

गोडार्डमधल्या पृथ्वी आणि अवकाशविज्ञान प्रकल्पाला एकट्या शास्त्रज्ञाच्या हाताशी राहील असं वर्कस्टेशन हवं होतं. उपग्रहांकडून आलेला मोठा डेटा चाळायचा, चित्ररूपात बघायचा, नैसर्गिक प्रक्रियांची गणितं चालवायची. सोळा प्रोसेसर मिळून कमाल क्षमता सेकंदाला एक अब्ज क्रियांची, आणि किंमत सुमारे ४०,००० डॉलर. त्याच तोडीच्या व्यापारी यंत्राला तेव्हा याच्या दहापट पैसे पडत.

मुख्य कामं दोन प्रकारची होती. एक म्हणजे द्रवगतिकी: हवेचा किंवा पाण्याचा प्रवाह चौकटींच्या जाळीत मांडायचा, जाळीचे तुकडे करून एकेका पीसीला द्यायचे, आणि प्रत्येक टप्प्याला शेजारच्या तुकड्याच्या कडेवरचे आकडे मागून घ्यायचे. दुसरं म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं गणित, जिथे प्रत्येक वस्तू इतर प्रत्येक वस्तूला ओढते. तिथे दुसऱ्यांकडच्या वस्तू कुठे पोहोचल्या हे कळल्याशिवाय कुणाचंच पान हलत नाही. म्हणजे हिशोब जितका भराभर, तितकं जाळ्यावरचं मागणं-देणं जास्त. ही देवाणघेवाण पीव्हीएम नावाच्या सॉफ्टवेअरवरून चालायची. ते एका पीसीतल्या प्रोग्रॅमचा निरोप दुसऱ्या पीसीतल्या प्रोग्रॅमला पोहोचवायचं.

आणि जाळं होतं १० मेगाबिटचं इथरनेट. स्विच महाग होते, म्हणून सगळ्यांची तार एकच. १० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ लाख बाइट, तेही सोळा जणांत मिळून. सगळे एकदम बोलू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ हजार बाइट. दोन पीसी एकाच क्षणी बोलले तर टक्कर, मग दोघांनीही थांबायचं आणि यादृच्छिक वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. एका पीसीतून दुसऱ्यात १६ एमबी माहिती न्यायची, तर बाकीचे पंधरा गप्प असले तरी साडेतेरा सेकंद लागणार. ४८६ प्रोसेसर आज आपल्याला कासव वाटेल, पण त्या तारेच्या मानाने तो फार वेगवान होता. तो हिशोब संपवून बसायचा आणि शेजाऱ्याच्या आकड्यांची वाट पाहायचा.

इथे आपल्याकडची एक गोष्ट शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, त्याच्या पोटातही हाच प्रश्न होता: अनेक प्रोसेसर, आणि त्यांच्यातलं बोलणं. तिथे वापरलेल्या इनमॉसच्या ट्रान्सप्युटर चिपवरच चार संपर्क-तारांची सोय होती. शेजाऱ्याशी बोलण्याचा मार्ग प्रोसेसरसोबतच जन्माला आलेला, त्यामुळे कार्ड शोधायला नको. मात्र अशी चिप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ग्रीनबेल्टच्या मंडळींनी स्वतःला घालून घेतलेली अट नेमकी उलटी होती: जे काही वापरायचं ते घाऊक बाजारात, सगळ्यांसाठी बनलेलं असलं पाहिजे.

या अटीत बसणारे पर्याय कमीच होते. १०० मेगाबिटच्या फास्ट इथरनेटचं मानक १९९५ चं. त्याआधीचं १०० मेगाबिटचं एफडीडीआय जाळं होतं, पण त्याच्या कार्डांच्या किमतीने सगळं अंदाजपत्रक मोडलं असतं. उरलं एकच: स्वस्त कार्ड आणखी एक घ्यायचं, स्वस्त तार आणखी एक टाकायची, आणि दोन्हींवर ओझं वाटून द्यायचं.

वाटणी कशी केली

हे जमण्यासाठी हाताशी दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, कार्यप्रणालीचा मूळ कोड. लिनक्सची १.० आवृत्ती १९९४ च्या मार्चमध्येच आली होती आणि तिचा सगळा कोड उघडा होता. दुसरी, इथरनेट कार्डांची नस ठाऊक असलेला माणूस. डोनाल्ड बेकर यांनी त्या काळातल्या कितीतरी कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) स्वतः लिहिले होते. त्यांनी तेच ड्रायव्हर पुन्हा हाती घेतले आणि दोन कार्डांचं मिळून एक कार्ड भासेल अशी रचना केली. तिला नाव पडलं चॅनल बाँडिंग.

काम कसं चालतं ते जवळून बघू. कर्नलमधला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातला, आयपीचा थर (जाळ्यावरचे पत्ते सांभाळणारा) पॅकेट, म्हणजे माहितीचं एक पुडकं, तयार करतो आणि कार्डाच्या हवाली करतो. इथे त्याच्यासमोर खरं कार्ड नसतं, एक आभासी कार्ड असतं. ते आभासी कार्ड पहिलं पॅकेट पहिल्या खऱ्या कार्डाला देतं, दुसरं दुसऱ्याला, तिसरं पुन्हा पहिल्याला. पत्ते वाटावेत तसं. दोन्ही खऱ्या कार्डांना एकच हार्डवेअर पत्ता दिलेला असतो, त्यामुळे समोरच्या पीसीला वाटतं की आपण एकाच कार्डाशी बोलतोय. वरच्या प्रोग्रॅमला तर यातलं काहीच दिसत नाही. शास्त्रज्ञाने लिहिलेल्या कोडची एक ओळही बदलावी लागत नाही, हा या मार्गाचा मोठा फायदा.

समजा ६४ केबीचा एक निरोप पाठवायचा आहे. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या एका पुडक्यात, टीसीपीचा (माहिती क्रमाने आणि न हरवता पोहोचवणारी पद्धत) मजकूर साधारण १४६० बाइट बसतो, म्हणजे ४५ फ्रेम लागतील. आगेमागेची सगळी ओझी धरून एक भरलेली फ्रेम तारेवर १५३८ बाइटची जागा खाते, आणि १० मेगाबिटवर तिला १.२३ मिलिसेकंद लागतात. एका तारेवर ४५ फ्रेमना ५५ मिलिसेकंद. दोन तारांवर २३ आणि २२ अशी विभागणी झाली की २८. कागदावर वेग जवळजवळ दुप्पट.

आता २०० बाइटचा निरोप घ्या. त्याची एकच फ्रेम होते. ती एकाच तारेवरून जाणार, दुसरी तार त्या वेळी रिकामी असली तरी या निरोपाला तिचा काही उपयोग नाही. पोहोचायला लागणारा वेळ तोच. दुसऱ्या कार्डाने रुंदी वाढते, अंतर कमी होत नाही. हे वाक्य सोपं आहे, पण बाँडिंगकडून होणाऱ्या निम्म्या अपेक्षाभंगांचं मूळ इथेच आहे.

या रचनेच्या दोन अटी होत्या, आणि त्या दोन्ही कडक होत्या. दोन्ही तारा म्हणजे पूर्ण वेगळी दोन जाळी हवीत. एकच हार्डवेअर पत्ता दोन ठिकाणी असल्यामुळे ती जाळी मध्ये कुठे जोडली गेली तर गोंधळ ठरलेला. आणि सोळाच्या सोळा पीसी दोन्ही जाळ्यांवर हवेत. एखाद्याचं दुसरं कार्ड बंद असेल तर त्याच्याकडे निघालेली प्रत्येक दुसरी फ्रेम हरवणार. अशा वेळी वेग निम्मा होत नाही, संवाद जवळपास ठप्प होतो, कारण टीसीपी सतत हरवलेलं परत मागत राहतं. तार तुटली की ते कार्ड आपोआप बाजूला काढणारी देखरेख बाँडिंगच्या ड्रायव्हरमध्ये नंतर आली. ग्रीनबेल्टला हे सगळं निभावलं, कारण सोळाही पीसी, सगळ्या तारा आणि ड्रायव्हरचा कोड एकाच गटाच्या हातात होता. मधे कुणा तिसऱ्याचं यंत्र नव्हतं.

हाती काय लागलं

या गटाने १९९५ मध्ये दुहेरी जाळ्याच्या मोजमापांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य आकडा असा: एका जाळ्याच्या तुलनेत दोन जाळी ७० टक्के जास्त माहिती सतत वाहून नेऊ शकतात. तारा दुप्पट, वहन १.७ पट.

हा आकडा मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. शंभर टक्के का नाही, याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. तारा दोन झाल्या तरी प्रोसेसर तोच एक होता. प्रत्येक फ्रेम मेमरीतून कार्डात आणि कार्डातून मेमरीत हलवायची, प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून कार्डाकडे बघायचं, हा खर्च फ्रेममागे ठरलेला असतो आणि तो तारेच्या संख्येने विभागला जात नाही. शिवाय दोन्ही तारा सामायिक होत्या, म्हणजे टकरा दोन्हीवर.

त्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे, ज्याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. मागणी शिगेला पोहोचलेली असताना मिळणारा वेग निरोपांच्या संख्येपेक्षा निरोपांच्या आकारावर जास्त अवलंबून होता. वरचं ६४ केबी आणि २०० बाइटचं उदाहरण आठवलं तर हे पटायला वेळ लागत नाही. सगळ्या सोळा पीसींनी एका टप्प्यावर येऊन थांबायचं, 'सगळे आले का' याची खात्री करायची, हे काम बारक्या बारक्या निरोपांचं असतं. तिथला खर्च मोठाच आढळला. पण द्रवगतिकी आणि गुरुत्वाकर्षण या प्रत्यक्ष कामांवर त्याचा एकूण परिणाम मर्यादित राहिला. म्हणजे ज्या कामासाठी यंत्र बांधलं, त्या कामाच्या निरोपांचा घाट बाँडिंगला मानवणारा होता. दुसरं काही काम असतं, सतत छोटे प्रश्न आणि छोटी उत्तरं असणारं, तर हीच दोन कार्डं फारशी उपयोगी ठरली नसती.

क्रमाचा प्रश्न

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. पत्ते वाटल्यासारखी फ्रेम वाटायची म्हणजे एकाच संवादाचे (दोन प्रोग्रॅममधल्या एका टीसीपी जोडणीचे) तुकडे दोन वाटांनी जाणार. पलीकडे ते त्याच क्रमाने पोहोचतील याची हमी कुणी देत नाही. १९९४ मध्येही टक्कर होऊन एखादी फ्रेम मागे राहत असणारच. पण तेव्हाच्या तारेची संथ गतीच मदतीला होती. एक फ्रेम यायला १२३० मायक्रोसेकंद लागत. एवढ्या वेळात प्रोसेसर आलेली फ्रेम उचलून, वर देऊन, पुढच्या फ्रेमची वाट बघायला मोकळा. फ्रेम आली की लगेच उचलली, म्हणजे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने वर गेली.

गिगाबिटवर तीच फ्रेम १२.३ मायक्रोसेकंदांत येते. प्रत्येक फ्रेमला प्रोसेसरला हाक मारायची तर सेकंदाला ऐंशी हजारांवर हाका होतील. म्हणून कार्ड थोडं थांबतं, बऱ्याच फ्रेम साठवतं आणि एकदाच हाक मारतं. एका कार्डासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. दोन कार्डांवर पत्ते वाटल्यासारखी वाटणी केली असेल तर मात्र काय होतं ते पाहा.

पहिल्या कार्डाकडे १, ३, ५, ७, ९ या फ्रेम साठल्यात. दुसऱ्याकडे २, ४, ६, ८. पहिल्या कार्डाने आधी हाक मारली. टीसीपीला मिळाली १, ठीक. मग आली ३. टीसीपी म्हणतं, '२ कुठे आहे?' आणि तशी पोच पाठवतं. ५ आली, पुन्हा तीच पोच. ७ आली, तिसऱ्यांदा तीच. टीसीपीचा जुना नियम असा की सारखीच पोच तीनदा जास्तीची आली म्हणजे तो तुकडा हरवला. पाठवणारा संगणक २ नंबर पुन्हा पाठवतो, वर जाळ्यात गर्दी झाली असं समजून स्वतःचा वेगही कमी करतो. प्रत्यक्षात २ नंबर हरवलेला नाहीच. तो दुसऱ्या कार्डाच्या रांगेत, काही मायक्रोसेकंदांच्या अंतरावर उभा आहे.

लिनक्समध्ये ही सहनशीलतेची मर्यादा सुरुवातीला तीनवर असते, ती वाढवता येते, आणि उलटसुलट क्रम सतत दिसला तर टीसीपी स्वतःहूनही ती वाढवतं. तरीही किंमत मोजावी लागते. लिनक्सच्या बाँडिंगसोबत बरीच वर्षं जो दस्तऐवज मिळत आला, त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: चार कार्डांवर अशी वाटणी केली तर एका टीसीपी संवादाला जास्तीत जास्त २.३ कार्डांइतका वेग मिळेल असं धरा, तेही मर्यादा वाढवल्यावर. हा दस्तऐवज ज्या ड्रायव्हरचा आहे, त्याचं मूळ बेकर यांनी बेओवुल्फसाठी कर्नल २.० वर चढवलेल्या ठिगळांतच (पॅचेसमध्येच) आहे. म्हणजे युक्ती तीच, पूर्वज तोच. बदललं ते फ्रेमला लागणाऱ्या वेळाचं आणि प्रोसेसरच्या हाकांचं गणित.

मानकाने घेतलेला निर्णय

स्विच बनवणाऱ्यांनी याच प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं. कल्पना नावाच्या कंपनीने इथरचॅनल आणलं, १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली, आणि २००० साली आयईईई या तंत्रमानकं ठरवणाऱ्या संस्थेने अनेक तारा एकत्र बांधण्याचं ८०२.३एडी हे मानक जाहीर केलं (२००८ पासून ते ८०२.१एएक्स म्हणून ओळखलं जातं). आज स्विचच्या सेटिंगच्या पानावर आपण एलएसीपी नावाचा जो पर्याय बघतो, तो याच मानकातला.

या मानकाने एक गोष्ट पक्की ठरवली: एका संवादाच्या फ्रेमचा क्रम मोडता कामा नये. मग सोपा उपाय असा की एक संवाद एकाच तारेवर ठेवायचा. कोणता संवाद कोणत्या तारेवर, हे पत्त्यांवरच्या एका छोट्या हिशोबाने ठरतं, त्याला हॅश म्हणतात. सगळ्यात साध्या प्रकारात दोन्हीकडच्या हार्डवेअर पत्त्यांचे शेवटचे आकडे एकमेकांशी ताडले जातात. दोन तारा असतील तर एवढं पुरे: दोघांचेही आकडे सम किंवा दोघांचेही विषम असतील तर पहिली तार, एक सम आणि एक विषम असेल तर दुसरी. सर्व्हरचा पत्ता ४ ने संपतो, आणि त्याला जोडलेल्या तीन संगणकांचे २, ६ आणि ८ ने. तिघेही पहिल्या तारेवर गेले. दुसरी तार जोडलेली आहे, दिवा हिरवा आहे, स्विच म्हणतोय सगळं ठीक, आणि तिच्यावरून काहीच जात नाही.

यात बिघाड कुठेच नाही. ही व्यवस्था अनेक संगणक एका सर्व्हरशी बोलतात अशा जागेसाठी केलेली आहे, जिथे पंचवीस-पन्नास संवादांत वाटणी आपोआप बरी होते. दोनच संगणक असतील तर पत्त्यांची जोडी एकच, हॅश एकच, तार एकच. मग जगातलं सगळ्यात भारी स्विच आणलं तरी त्या कॉपीला एका केबलइतकाच वेग मिळणार. गिगाबिटवर टीसीपीचा प्रत्यक्ष मजकूर सेकंदाला सुमारे ९४१ मेगाबिट, म्हणजे ११७ एमबीच्या आसपास जातो. फाइल कॉपीत दिसणारा ११०-११५ चा आकडा तिथूनच येतो.

पोर्ट क्रमांकही (इथे स्विचचं भोक नव्हे, तर टीसीपी संवादाच्या टोकाला मिळालेला क्रमांक) हिशोबात धरणारा हॅश निवडला की दोन संगणकांतले वेगवेगळे संवाद वेगवेगळ्या तारांवर जाऊ शकतात. तरी ती सोडतच असते. चार संवाद आणि दोन तारा असतील तर चारही एकाच तारेवर जाण्याची शक्यता आठात एक. आणि स्विचकडून उलट दिशेने येणारी वाटणी स्विच स्वतःच्या हिशोबाने करतो, त्यावर संगणकाच्या सेटिंगचा काही जोर चालत नाही. बरेच स्वस्त स्विच पोर्ट क्रमांक बघतच नाहीत. संगणकावर सगळं नीट करूनही एकाच दिशेने वेग वाढतो आणि दुसरीकडे नाही, त्याचं कारण अनेकदा हे असतं.

आज हेच करायचं असेल तर

ग्रीनबेल्टच्या मंडळींनी निवड करताना काम, निरोपांचा आकार आणि अडकणारी जागा या तिन्हीकडे पाहिलं होतं. आपणही आधी अडकण्याची जागा शोधावी. साधी फिरती हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला दीडशे ते अडीचशे एमबी देते, बारक्या फाइल असतील तर त्याच्या कितीतरी खाली येते. अशा एका डिस्कसाठी तीन-चार केबल लावून काय मिळणार? आयपर्फसारख्या साधनाने डिस्क बाजूला ठेवून नुसतं जाळं मोजता येतं. एका संवादाने मोजा, मग चार समांतर संवादांनी मोजा. एकाला ९४१ मेगाबिट आणि चारांना मिळून १८००च्या वर आलं, तर बाँडिंग ठणठणीत आहे आणि प्रश्न एका संवादाचा आहे.

दोन्ही बाजूंना लिनक्स असेल आणि मध्ये स्विच न ठेवता दोन केबल थेट टाकता येत असतील, तर बेकर यांची मूळ पद्धत, जिला आता बॅलन्स-आरआर म्हणतात, आजही चालते. एका संवादाला एका तारेपेक्षा जास्त वेग देणारी बाँडिंगमधली ती एकमेव पद्धत. मधे एकच स्विच असेल तर मी तिच्या वाटेला जात नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे वाटणीचं काम कार्डाच्या पातळीवरून उचलून फाइल देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे नेणं. विंडोज सर्व्हर २०१२ आणि विंडोज ८ बरोबर एसएमबी मल्टिचॅनल आलं; एसएमबी ही विंडोजची जाळ्यावरून फाइल देण्याची पद्धत. दोन्ही संगणकांत दोन-दोन कार्डं दिसली की ते प्रत्येक वाटेवर वेगळा टीसीपी संवाद उघडतं आणि फाइलचे तुकडे त्यांच्यात वाटतं. प्रत्येक संवादाच्या आत क्रम शाबूत राहतो. तुकडा फाइलमध्ये नेमका कुठे बसवायचा हे प्रत्येक मागणीतच लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठला आधी आला याने काही बिघडत नाही. बाँडिंगची गरजच नाही. किंबहुना खाली बाँडिंग केलेलं असेल तर मल्टिचॅनलला दोन वाटा दिसतच नाहीत, म्हणून आधी ते काढावं आणि दोन्ही कार्डांना वेगवेगळ्या सबनेटचे (उपजाळ्यांचे) पत्ते द्यावेत. लिनक्सवरून एसएमबीने फाइल देणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ४.१५ आवृत्तीपासून मुळातच चालू असते. एनएफएस ही फाइल देण्याची दुसरी पद्धत वापरणाऱ्यांना लिनक्स ५.३ पासून एका माउंटमागे (जोडलेल्या एका दूरच्या फोल्डरमागे) अनेक संवाद उघडण्याचा पर्याय आहे, तो पोर्ट बघणाऱ्या हॅशबरोबर उपयोगी पडतो.

तार तुटली तरी काम बंद पडू नये एवढंच हवं असेल, तर एक कार्ड चालू आणि एक राखीव अशी पद्धत घ्यावी. तिला स्विचकडून काहीच मदत लागत नाही. सर्व्हरवर दहा-वीस माणसं काम करत असतील, तर एलएसीपी आपलं काम चोख करतं आणि तिथे ते जरूर लावावं.

दोनच संगणकांतला वेग वाढवायचा असेल तर माझा कल वेगवान कार्डाकडे आहे. २.५ गिगाबिटचं मानक २०१६ चं, जुन्याच केबलवर चालतं, आणि एका संवादाला तो सगळा वेग मिळतो, कुठलाही हॅश मध्ये न येता. १० गिगाबिटची दोन कार्डं आणि थेट केबल घेतली तर स्विचही लागत नाही.

खुद्द बेओवुल्फच्या गटानेही हेच केलं. १०० मेगाबिटची कार्डं हाताशी आल्यावर त्यांनी आधी तीही एकाहून जास्त लावून पाहिली, १९९६ मध्ये त्यावर निबंधही प्रसिद्ध केला. मग फास्ट इथरनेटचे स्विच परवडू लागले आणि प्रकल्पाच्या इतिहासात नोंद झाली की चॅनल बाँडिंगची गरज आता, निदान सध्यापुरती, उरलेली नाही. १९९६ मध्ये कॅलटेक आणि लॉस अ‍ॅलामॉस इथे सोळा पेंटियम प्रोची हायग्लॅक आणि लोकी ही यंत्रं उभी राहिली ती फास्ट इथरनेटवरच, आणि दोन्हींनी सेकंदाला दशांश आकड्यांवरच्या एक अब्ज क्रियांचा टप्पा प्रत्यक्ष कामात ओलांडला.